दोष पिशवीचा नव्हे, ओझ्याचा : ‘अंग बाहेर येण्या’चा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला नागापूर आहे. एके काळचे हे सीनाकाठचे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. नगर–मनमाड महामार्ग या वसाहतीच्या कडेने राहुरी, लोणी, कोपरगावच्या साखरपट्ट्याकडे जातो. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावकडून निघालेल्या टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर याच वाटेला लागतात. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्याचे फाटक आणि रस्त्यावर टोळीची गाडी. फाटकाच्या आत कायदा आहे, गाडीत तो नाही. हा धागा त्या फरकाचा आहे, आणि त्या फरकाने बाईच्या शरीरावर केलेल्या परिणामाचाही.

२/
विषय आहे गर्भाशयभ्रंश. पुस्तकी शब्द अवघड वाटेल, पण घरोघरी ही व्याधी ठाऊक आहे. कोणी ‘अंग बाहेर येते’ म्हणते, कोणी ‘मायांग’, कोणी ‘पिशवी खाली आली’. राजांच्या सनावळ्या आणि लढायांचे नकाशे पाठ असणाऱ्या पिढीने हा विषय इतिहासाचा मानलेला नाही. वास्तविक या व्याधीला ग्रंथ आहेत, उपकरणे आहेत, कायदे आहेत आणि मुंबईच्या शल्यविशारदांनी घडवलेली एक मोठी परंपराही आहे. ती परंपरा विसरल्याची किंमत आज बायका चुकवीत आहेत.

३/
या विषयावर दोन समजुती सर्रास ऐकू येतात. पहिली : ‘पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, बाळ झोळीत टाकून पुन्हा खुरपायला बसायच्या, त्यांना असले काही होत नसे.’ दुसरी : ‘मुले झाली ना, मग पिशवी काढून टाकावी, कायमची कटकट गेली.’ पहिली समजूत भूतकाळाला खोटे वैभव देते, दुसरी वर्तमानाला खोटा उपाय देते. दोन्ही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. त्यांचा समाचार क्रमाने घेऊ.

४/
आधी शरीर समजून घेतले पाहिजे. गर्भाशय पोटात अधांतरी लटकलेले नसते. खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला पाळण्यासारखे तोलून धरतात, आणि मागून व बाजूंनी चिवट बंध त्याला जागेवर ठेवतात. बाळंतपणात हे सारे ताणले जाते. पुरेसा काळ मिळाला तर त्यातले बरेचसे पूर्ववत होते. तो काळ मिळाला नाही, लहान वयात आणि लागोपाठ बाळंतपणे झाली, कळा फार लांबल्या, वरून जड ओझे, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ यांचा दाब येत राहिला, तर आधार सैल होतो. पाळी गेल्यानंतर ऊती क्षीण होतात आणि उरलेला आधारही ढळतो.

५/
आरंभी गर्भाशय योनिमार्गातच थोडे खाली उतरते. पुढे त्याचे मुख योनीच्या तोंडाशी येते, आणि अखेरीस ते बाहेर पडते. ओटीपोटात जडपणा, कंबर ओढल्यासारखी वाटणे, दिवस चढेल तसा त्रास वाढणे आणि आडवे झाल्यावर हलके वाटणे ही त्याची खूण. मूत्राशय सोबत खाली येते, तेव्हा लघवी पुरती होत नाही. काही स्त्रियांना बोटाने अंग आत ढकलल्याशिवाय लघवीच होत नाही. सतत बाहेर राहिलेल्या भागाला कपड्याचे घर्षण होऊन व्रण पडतात. ही व्याधी बहुधा जीव घेत नाही. कदाचित म्हणूनच तिच्याकडे इतका काळ कानाडोळा झाला.

६/
आता पहिली समजूत. ‘पूर्वी असले काही नव्हते’ म्हणणाऱ्याने चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा ३० वा अध्याय उघडावा. तेथे स्त्रीच्या जननमार्गाच्या २० व्याधी गणल्या आहेत आणि जागेवरून ढळलेल्या योनीचा उपचार सांगितला आहे. स्नेहन करावे, शेक द्यावा, हाताने अंग मूळ ठिकाणी बसवावे, मग आधार देऊन बांधावे. त्यामागचा विचारही ग्रंथकाराने दिला आहे : जागेवरून सरकलेले अंग स्त्रीला शल्यासारखे सलते. सुश्रुतसंहितेतही ‘प्रस्रंसिनी’ नावाची व्याधी आहे आणि सरकणे हा अर्थ तिच्या नावातच आहे. व्याधी नसती तर तिला नाव कोणी दिले असते?

७/
या उपचाराचा क्रम ध्यानात घ्यावा. आधी जागेवर बसवणे, नंतर आधार देणे. अंग कापून टाकणे त्यात नाही. तेव्हा शस्त्रक्रिया करता येत नव्हती म्हणून असेल, असे कोणी म्हणेल. पण सुश्रुताच्या परंपरेला शस्त्राचे वावडे नव्हते. नाक पुन्हा घडवण्यापर्यंत तिची मजल गेली होती. येथे तिने शस्त्र उचलले नाही, कारण व्याधीचे निदानच ‘जागा सुटली’ असे होते. जे सुटले आहे ते बसवायचे असते. याचा अर्थ जुने सारे उपचार आज जसेच्या तसे करावेत असा नव्हे. निदानाची दिशा बरोबर होती, इतकेच.

८/
भूमध्य समुद्राच्या काठी मात्र बराच काळ निराळे चालले होते. प्राचीन ईजिप्त आणि ग्रीसमध्ये गर्भाशय शरीरात भटकते अशी कल्पना रुजली होती. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत स्त्रीला शिडीला उलटी बांधून ती शिडी हलवण्याचा उपाय आहे. डाळिंबाच्या अर्ध्या फळाचा आधार आत बसवण्याचीही नोंद सापडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सोरेनस या वैद्याने शिडीचा प्रकार त्याज्य ठरवला. अंग स्वच्छ करावे, हळुवार आत बसवावे, लोकरीच्या बोळ्याने आधार द्यावा, हा त्याचा मार्ग. दोन दूरच्या परंपरा विवेकाच्या क्षणी एकाच ठिकाणी पोहोचल्या : बसवा आणि आधार द्या.

९/
त्या डाळिंबाचे वारस आजही दवाखान्यात आहेत. योनिमार्गात बसवण्याच्या आधाराला पेसरी म्हणतात. मेण, लाकूड, धातू असा प्रवास करून एकोणिसाव्या शतकात टिकाऊ रबर आले तेव्हा पेसरी सर्वसामान्य झाली. आज ती सिलिकॉनची कडी असते. डॉक्टर योग्य मापाची कडी बसवतात, ती ठरावीक काळाने काढून धुतात, आणि पुष्कळ स्त्रिया ती स्वतः काढायला-घालायला शिकतात. भूल, टाके, खाट यांतले काहीही लागत नाही. वृद्धेला, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या स्त्रीला, आणखी मूल हवे असलेल्या तरुणीला ती उपयोगी पडते. असे असूनही खेड्यापाड्यांत कितीजणींनी तिचे नाव ऐकलेले असते?

१०/
‘शेतात बाळंत झाली आणि कामाला लागली’ ही कथा परंपरेचा गौरव म्हणून सांगितली जाते. परंपरा तसे मुळीच म्हणत नाही. चरकाने बाळंतिणीचे पोट रुंद वस्त्राने बांधायला सांगितले आहे, तिच्या आहाराचे नियम दिले आहेत. महाराष्ट्राच्या घरांत सव्वा महिन्याचा विसावा, बाजेखालची शेगडी, तेलाचे मर्दन, डिंक-अळीवाचे लाडू आणि जड उचलायला मनाई हे सारे चालत आले. त्यातले काही शास्त्रशुद्ध होते, काही नव्हते. मुळाशी असलेले ज्ञान मात्र पक्के होते : ताणलेल्या शरीराला पूर्ववत होण्यासाठी वेळ लागतो.

११/
खरा प्रश्न असा की हा सव्वा महिना कोणाच्या वाट्याला येत होता. ज्या घरात धान्याची कणगी भरलेली आणि हाताखाली माणसे, तेथील सुनेच्या. तिच्याच शेतात रोजाने राबणाऱ्या बाईला तो नव्हता. तिचे बाळ बांधावर झोळीत असे, ते तिची प्रकृती लोखंडाची होती म्हणून नव्हे, तर त्या दिवशीची मजुरी बुडाली तर चूल पेटणार नव्हती म्हणून. तिच्या निरुपायाला पराक्रम म्हणणे सोपे असते. तिला काय त्रास झाला हे कोणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही, आणि त्या मौनालाच पुढच्यांनी ‘असले काही होत नसे’ असे नाव दिले.

१२/
हा अन्याय कायद्याच्या भाषेत आला तो मुंबईत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्या विश्रांतीचा काही भार मालकानेही उचलावा, हेही त्यांनी मांडले. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतातील हा या प्रकारचा पहिला कायदा. सव्वा महिन्याचा विसावा सासरच्या मर्जीवरून उतरून प्रथमच हक्काच्या यादीत आला.

१३/
पण हा हक्क कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूतिलाभ कायदा झाला, २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. नागापूरच्या वसाहतीत नोंदणीकृत नोकरी करणारी स्त्री तिच्यावर दावा सांगू शकते. शेजारच्या रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेली बाई कोणापुढे दावा सांगणार? टोळीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल मुकादमाकडून घेतली जाते, व्यवहार बहुधा नवऱ्याशी ठरतो. हिशेबाच्या वहीत तिचे वेगळे नावच नसते. जिचे नाव नाही तिला रजा कोण देणार?

१४/
ही बाई साखरपट्ट्यात आली कशी, हाही इतिहासच आहे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी उत्तर नगरला ऊस दिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या सहकाराचे कौतुक रास्त आहे. पण त्याच जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि शेजारचा बीड कोरडाच राहिला. १९७२ च्या दुष्काळाने त्या कोरड्या भागाचे कंबरडे मोडले. एका बाजूला पाणी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला रिकामे हात. सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला. ऊस तोडणारी सभासद झाली नाही.

१५/
तिच्या कामाचे स्वरूप पाहावे. पुरुष तोडतो, बाई उसाची मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पहाटेपासून दिवसभर वाकणे, उचलणे, चढणे. फडाजवळच्या खोपीत ना संडास ना न्हाणी. एखाद्या दिवशी काम चुकले तर ‘खाडा’ पडतो : मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. पाळीत विसावा नाही, गरोदरपणात नाही, बाळंतपणानंतरही नाही. ओटीपोटाच्या तळाला इजा करणारी कारणे एकत्र आणून कोणी पद्धत आखायची म्हटली असती तरी ती याहून फार वेगळी झाली नसती.

१६/
मग या बायका डॉक्टरकडे का जात नव्हत्या? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर आनंदीबाई जोशींनी दिले : पुरुष डॉक्टरसमोर आपली व्यथा सांगणे स्त्रीला अशक्य वाटते, म्हणून स्त्री डॉक्टर हवी. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत पदवीधर झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्रावरच होता. दुसऱ्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. १८८६ मध्येच मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेचले. शहरांत दार किलकिले झाले. खेड्यांत ते बंदच राहिले.

१७/
ते किती घट्ट बंद होते याचा पुरावा शंभर वर्षांनी मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार होता. त्याआधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ‘पूर्वी असले काही नव्हते’ या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर नाही. असले काही होतेच. कोणी पाहिलेले नव्हते.

१८/
आता दुसरी समजूत : ‘पिशवी काढली की प्रश्न मिटला.’ तिचे उत्तर मुंबईने विसाव्या शतकातच दिले होते. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले. गर्भाशयाच्या मुखाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ १९५५ पासून जगभर गेला, तो बहुतेकांना ऐकून माहीत असतो. त्यांचे दुसरे काम कमी ठाऊक आहे. तरुण स्त्रियांचे खाली आलेले गर्भाशय न काढता त्याला मागून पट्टीचा आधार द्यायचा आणि ती पट्टी पाठीच्या कण्याच्या खालच्या हाडाशी बांधायची, अशी शस्त्रक्रिया त्यांनी रचली.

१९/
मुंबईचेच डॉ. भालचंद्र नीळकंठ पुरंदरे यांनी दुसरी वाट काढली. पोटाच्या पुढच्या भिंतीत स्नायूंवर एक चिवट आवरण असते. त्याच्या पट्ट्या गर्भाशयाच्या मुखाशी जोडून त्यांनी ते पुढून वर धरले. या दोन्ही शस्त्रक्रिया त्यांच्या निर्मात्यांच्या नावांनी स्त्रीरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या येथे का जन्मल्या? कारण येथे ही व्याधी म्हाताऱ्या स्त्रियांपुरती नव्हती. विशी-तिशीच्या, मूल हवे असलेल्या बायका ती घेऊन येत. त्यांचे गर्भाशय वाचवणे ही या शल्यविशारदांना डोळ्यांसमोरची निकड वाटली. काढणे त्यांनाही येत होते.

२०/
शरीरशास्त्रही त्यांच्याच बाजूचे आहे. दोष आधाराचा असेल तर केवळ गर्भाशय काढल्याने आधार दुरुस्त होत नाही. ते काढल्यावर योनिमार्गाचा वरचा भाग पुढे खाली येऊ शकतो, मूत्राशयही उतरू शकते. कमी वयात सोबत अंडाशयेही काढली तर पाळी एकदम जाते, हाडे ठिसूळ होतात. याचा अर्थ ही शस्त्रक्रिया सदैव चूक असा नाही. पूर्ण भ्रंश झालेल्या, वय वाढलेल्या स्त्रीत योनिमार्गातून गर्भाशय काढून तळाची नीट दुरुस्ती करणे हा मान्य आणि गुणकारी उपाय आहे. आक्षेप आहे तो तपासणीशिवाय, पर्याय न सांगता, तिशीतल्या बाईला पहिलाच उपाय म्हणून तो देण्यावर.

२१/
हे घडते का? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या बातम्या आल्या आणि राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५–१६) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. या साऱ्या शस्त्रक्रिया भ्रंशासाठी नव्हत्या. कोणाला अंगावरून पांढरे जात होते, कोणाला रक्तस्राव, कोणाला पोटदुखी. तक्रारी निरनिराळ्या, उत्तर मात्र एकच.

२२/
यावर एक बचाव नेहमी येतो : ‘बायका स्वतःच मागतात, डॉक्टर काय करणार?’ हा बचाव तपासावा. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड. वारंवार दवाखान्याला जायला हंगामात सवड नाही. ‘पुढे कर्करोग होईल’ ही भीती कानावर घातलेली. पेसरीचे, व्यायामाचे, गर्भाशय राखणाऱ्या शस्त्रक्रियेचे नाव कोणी काढलेले नाही. ज्या माणसासमोर एकच दार उघडे ठेवले आहे, त्याने ते निवडले असे म्हणता येत नाही. आणि ते ‘निवडल्या’नंतर उसनवारीचे कर्ज फेडायला तीच बाई टाके ओले असतानाच पुन्हा मोळी उचलते. ज्या ओझ्याने आधार तुटला ते ओझे डोक्यावर तसेच.

२३/
केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त ठेवली तर काय होते, याचा धडा शेजारच्या नेपाळात आहे. तेथे डोंगरी भागातील स्त्रियांत गर्भाशयभ्रंश फार. २००८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने हा स्त्रियांच्या प्रजननहक्काचा प्रश्न ठरवला आणि शासनाला उपाययोजनेचे आदेश दिले. निकाल ऐतिहासिक होता. शासनाने विनामूल्य शस्त्रक्रियांचा कार्यक्रम आखला. पुढे मानवी हक्क संघटनांनी आक्षेप घेतला तो असा की लवकरची लग्ने, बाळंतपणातील श्रम आणि घरातील दुय्यम स्थान ही मूळ कारणे तशीच राहिली. किती शस्त्रक्रिया झाल्या हे मोजता येते. किती अंगे बाहेर आलीच नाहीत हे मोजणे कठीण, म्हणून ते कोणी मोजत नाही.

२४/
भारतातही न्यायालयाला लक्ष घालावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी ३ महिन्यांत अमलात आणावीत, असा तो आदेश. बीडमध्ये खासगी रुग्णालयांवर शासकीय परवानगीची अट त्याआधीच आली होती. ही पावले आवश्यक आहेत, पण ती साखळीच्या शेवटच्या कडीवर बोट ठेवतात. परवानगी नाकारलेल्या बाईला पर्यायी उपचार गावाजवळ मिळाला नाही, तर तिच्या पदरात नकार आणि दुखणे दोन्ही राहतात.

२५/
पर्याय अशक्य नाही, याचा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावागावांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांत निरक्षर होत्या, गावकुसाबाहेरच्या होत्या. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रयोगाचे सार असे की, शरीराचे ज्ञान पदवीच्या मागे लपवून ठेवण्याची गरज नसते, आणि गावातली बाई गावातल्या बाईला जे सांगते ते लाजेच्या भिंतीपलीकडे पोहोचते. जामखेड हा ऊसतोड मजूर पाठवणाऱ्या टापूचाच भाग आहे. ज्ञान परके नव्हते. त्याचा प्रसार करण्याची इच्छा तोकडी पडली.

२६/
उपचाराची पायरी म्हणून साध्या गोष्टीच आधी येतात. १९४८ मध्ये अमेरिकेचे डॉ. आर्नल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम मांडले. लघवी आणि वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळून काही क्षण धरायचे, सोडायचे, आणि दिवसातून अनेक वेळा हे करायचे. आरंभीच्या अवस्थेत काही महिन्यांच्या सातत्याने फरक पडतो. बाहेर आलेले अंग त्याने आत जात नाही, तेव्हा पेसरी. बद्धकोष्ठ आणि खोकल्यावर इलाज. त्यापुढे गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया, आणि गरज असेल तेव्हाच काढणारी. रक्तस्राव, व्रण किंवा लघवी अडणे असेल तर मात्र विलंब न करता तपासणी.

२७/
म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने, किंवा तिच्या वतीने घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने, चार प्रश्न विचारावेत. अंग किती खाली आले आहे? पेसरीने चालेल का? गर्भाशय राखून दुरुस्ती होईल का? काढायचेच असेल तर आधार कसा देणार, आणि अंडाशये राखणार का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. शिरोडकर आणि पुरंदरे यांनी आयुष्यभर हेच प्रश्न स्वतःला विचारले. ज्या डॉक्टरला त्यांचा राग येतो, त्याच्याऐवजी दुसरे मत घ्यावे.

२८/
आणि समाजासाठी एक मागणी. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने गिरणीतल्या बाईसाठी जे मान्य केले, ते उसाच्या फडातल्या बाईला अजून मिळायचे आहे : स्वतंत्र नाव, स्वतंत्र मजुरी, बाळंतपणाची भरपगारी रजा, आणि दुखण्याच्या दिवशी दंड नाही. तोपर्यंत कितीही शिबिरे झाली तरी तिचा आधार तुटतच राहील. पुढच्या वेळी कोणी अभिमानाने सांगेल की अमुक आजी शेतात बाळंत झाली आणि लगेच कामाला लागली, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने टाळी वाजवू नये. तिला उठावे का लागले, हे विचारावे. पुढची पन्नास वर्षे तिने काय सोसले, हेही विचारावे.